हौस कोणाची आणि जबाबदारी कोणाची?

छंदांना वाहिलेली मासिके ज्यांच्या श्रमांवर चालतात त्यांना पैसे द्यावेत की नाहीत, हा वाद त्या मासिकांइतकाच जुना आहे. क्षेत्र आकाशनिरीक्षणाचे असो, हौशी रेडिओचे असो, रेल्वेच्या लघुप्रतिकृतींचे असो किंवा विज्ञानकथेचे, एका पक्षाचे म्हणणे असे की ही मासिके प्रेमापोटी निघतात आणि प्रेमापोटी वाचली जातात, म्हणून त्यांतले कामही प्रेमापोटीच व्हावे. पैशाचा विषय निघाला की त्यांचा मूळ स्वभाव बिघडतो. दुसरा पक्ष विचारतो की अंकाची किंमत घेतली जाते, जाहिराती छापल्या जातात, कागदाचे आणि छपाईचे बिल चुकते केले जाते, मग मजकूर देणाऱ्यानेच तेवढे फुकट का राबावे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष प्रश्न ‘प्रेम की पैसा’ असाच मांडतात आणि वाद तेथेच अडकून बसतो. माझ्या मते कसोटी वेगळी असायला हवी. जे काम ‘या महिन्यात जमणार नाही’ असे सांगून बाजूला ठेवता येते आणि तरीही अंक निघू शकतो, ते काम स्वेच्छेने दिलेले असू शकते. जे काम ठरलेल्या तारखेला झालेच पाहिजे आणि ज्याच्या चुकीबद्दल कोणाला तरी जाब विचारला जाणार आहे, ती नोकरी आहे. तिला सेवा म्हटल्याने तिचे स्वरूप बदलत नाही आणि तिचा मोबदला दिला गेला पाहिजे.

ही कसोटी मांडण्याआधी स्वेच्छेने लिहिणाऱ्यांचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय या मासिकांचा जन्मच झाला नसता. अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांच्या संघटनेचे ‘क्यूएसटी’ हे मासिक १९१५ मध्ये सुरू झाले, ‘मॉडेल रेलरोडर’ १९३४ मध्ये, आणि ‘द स्काय’ व ‘द टेलिस्कोप’ या दोन मासिकांच्या विलीनीकरणातून ‘स्काय अँड टेलिस्कोप’ १९४१ मध्ये. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी चालवलेले पहिले पत्र मानले जाणारे ‘द कॉमेट’ १९३० मधले आहे. अशा चाहतापत्रांच्या जगात पुढे एक सुरेख रिवाज रूढ झाला. अंक हवा असेल तर पैसेच पाठवले पाहिजेत असे नसे. एखादा लेख किंवा चित्र पाठवावे, मागच्या अंकावर सविस्तर अभिप्रायाचे पत्र लिहावे, किंवा स्वतःच्या पत्राचा अंक बदल्यात द्यावा. येथे लेखक, वाचक आणि प्रकाशक अशी तीन वेगळी माणसे नव्हतीच. प्रत्येक जण आळीपाळीने तिन्ही भूमिका करत होता, कोणीही कोणाच्या श्रमांवर नफा मिळवत नव्हता, आणि म्हणून कोणी कोणाचे देणे लागत नव्हते. विनामोबदला कामाचे समर्थन करणारे आजही या जगाचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे, मात्र ती परिस्थिती टिकून असेल तोपर्यंतच.

दुसरीही एक गोष्ट स्वेच्छेने लिहिणाऱ्यांच्या बाजूने ठामपणे सांगितली पाहिजे. छंदाच्या क्षेत्रात ज्ञान वाचकांपाशीच असते. सर्वसाधारण वृत्तपत्रात लिहिणाऱ्याला वाचकापेक्षा अधिक माहिती असते असे गृहीत धरले जाते. छंदाच्या मासिकात मात्र लेखकाहून जाणता असा वाचक नेहमीच कोठेतरी असतो. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदी ठेवणारी अमेरिकी संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहे, आणि त्या नोंदी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ आपल्या संशोधनात वापरतात. अनेक वर्षे एकाच ताऱ्याकडे पाहणाऱ्या माणसाने आपल्या निरीक्षणाच्या पद्धतीवर लिहिलेल्या लेखाची बरोबरी या महिन्यात दुर्बिणींवर आणि पुढच्या महिन्यात सायकलींवर लिहिणारा कसलेला पत्रकार करू शकत नाही. त्याची भाषा अधिक सफाईदार असेल, परंतु वाचक ज्यासाठी अंक उघडतो ती गोष्ट त्याच्याकडे नसते. सारे काम व्यावसायिकांकडेच सोपवणाऱ्या मासिकाची पाने देखणी होतात, आणि मजकूर मात्र उपकरणांच्या माहितीपत्रकांसारखा दिसू लागतो.

असा जाणता हौशी माणूस मोबदल्याच्या अपेक्षेने लिहीत नाही, आणि त्याच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवल्याने तो अधिक चांगले लिहील असेही नाही. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात इस्रायलमधील शाळकरी मुलांना समाजकार्यासाठी घरोघर देणग्या गोळा करायला पाठवले होते. काहींना कोणताही मोबदला नव्हता, काहींना जमवलेल्या रकमेचा एक टक्का आणि काहींना दहा टक्के मिळणार होते. ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांनी सरासरीने सर्वाधिक देणग्या गोळा केल्या, आणि एक टक्का मिळणार असलेल्यांनी सर्वांत कमी. या प्रयोगातून ‘फुकट काम घेणेच उत्तम’ असा निष्कर्ष काढणारे संपादक सोयीचे तेवढेच वाचतात. एक टक्केवाल्यांपेक्षा दहा टक्केवाल्यांनी अधिक रक्कम जमवली होती, हेही त्याच प्रयोगात दिसले. पैसे द्यायचे तर कामाला साजेसे द्यावेत, नाहीतर देण्याचा देखावा करू नये, एवढाच त्यातून निघणारा अर्थ आहे. छंदाच्या मासिकांत नेमका हा देखावाच वारंवार आढळतो. लेखाच्या बदल्यात ठरवलेली रक्कम लेख साकारायला लागलेल्या साहित्याचा खर्चही भरून काढत नाही, पण ती दिल्यामुळे संपादकाला मजकुरावर व्यावसायिक हक्क सांगता येतो. लेखकाच्या पदरात ना देण्याचे समाधान पडते ना केलेल्या कामाचे मोल.

पैशाचे उघडे दार आणखी एक अडचण आणते. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ हे विज्ञानकथांचे मासिक लेखकांना चांगला दर देते आणि कोणाचीही कथा विचारात घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा त्याच्याकडे आला की संपादकांना कथा स्वीकारणेच काही काळ थांबवावे लागले. त्या कथा पाठवणाऱ्यांपैकी अनेकांचा विज्ञानकथेशी काही संबंध नव्हता. घरबसल्या कमाईचे मार्ग सांगणाऱ्यांनी त्यांना तेथे धाडले होते. त्यांतली खरी कथा शोधण्याचे श्रम कोणाच्या माथी आले, तर अर्थातच संपादकांच्या. मोबदल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

आतापर्यंत जे लिहिले ते लेखकाबद्दल. परंतु मासिक म्हणजे केवळ लेख नव्हेत, आणि या वादातली माझी खरी तक्रार येथून सुरू होते. आलेला लेख वाचणे, त्यातली विसंगती शोधणे, लेखकाशी दहा वेळा पत्रव्यवहार करणे, आकृत्या पुन्हा काढणे, मुद्रिते तपासणे, पानांची मांडणी करणे, जाहिरातदाराकडे थकलेल्या पैशांचा तगादा लावणे, वर्गणीदारांचे पत्ते अद्ययावत ठेवणे, अंक पोहोचला नाही अशा तक्रारींना उत्तरे देणे: या कामांची हौस म्हणून कोणी त्या छंदात पडलेले नसते. दुर्बिणीची आवड असलेला माणूस रात्र जागून आकाश पाहतो. रात्र जागून स्वल्पविराम दुरुस्त करण्यात त्याचा छंद पुरा होत नाही. तरीही ‘आपल्याच माणसांचे मासिक’ या नात्याने हे ओझे एकदोघांच्या खांद्यावर येते आणि घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याची ही स्थिती वर्षानुवर्षे चालू राहते. लेखाखाली लेखकाचे नाव छापले जाते, त्याला वाचकांची दाद मिळते, जाणकारांत त्याची ओळख होते. मुद्रिते तपासणाऱ्याची आठवण मात्र चूक राहून गेली तरच निघते.

आणि छंदाच्या मासिकातली चूक ही केवळ शुद्धलेखनाची चूक नसते. विद्युतमंडलाच्या आकृतीत एका घटकाचे मूल्य चुकीचे छापले गेले, रसायनाच्या प्रमाणात दशांशचिन्ह सरकले, लाकूडकामाच्या यंत्रावर हात ठेवण्याची जागा चुकीची दाखवली गेली, तर वाचकाचे साहित्य वाया जाते आणि प्रसंगी इजाही होते. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांची मासिके वाचकांनी पाठवलेले प्रोग्रॅम छापत, आणि इतर वाचक ते ओळीमागून ओळ टंकून घेत. एका आकड्याची गफलत झाली तरी सारा प्रोग्रॅम बंद पडे. ‘कॉम्प्युट!’ मासिकाने १९८३ मध्ये टंकलेली प्रत्येक ओळ पडताळून पाहणारी एक छोटी सोय वाचकांसाठी दिली. प्रोग्रॅम वाचकाने पाठवलेला असला तरी तो चालतो याची खात्री करून घेण्याचे काम ते पाठवणाऱ्याच्या चांगुलपणावर सोडून देता येत नव्हते. ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते. ज्याला काहीही देणे नाही त्याला तारीख चुकल्याबद्दल किंवा पडताळणी राहिल्याबद्दल जाब विचारता येत नाही, आणि जाब विचारला जाणारच असेल तर त्याला काहीही न देणे हा अन्याय आहे.

‘या महिन्यात जमणार नाही’ ही कसोटी मला याचसाठी महत्त्वाची वाटते. लेखक एखाद्या महिन्यात लिहिणार नसेल तर दुसऱ्या कोणाचा लेख छापता येतो. फार तर अंक थोडा बारीक होतो. मांडणी करणारा एकटाच असेल आणि तो थांबला तर अंकच थांबतो. हे त्यालाही ठाऊक असते, आणि म्हणून आजारपणात, घरातल्या अडचणीत, नोकरीच्या ताणातही तो नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणण्याची सोयच उरली नसेल तर त्याचे ‘हो’ ही खऱ्या अर्थाने स्वेच्छा कशी राहील? असा माणूस एके दिवशी पूर्ण थकून बाजूला होतो, आणि त्याच्यासोबत मासिकही जाते. कित्येक हौशी पत्रे पहिल्या काही अंकांनंतर याच कारणाने बंद पडलेली आढळतात. मजकूर संपला म्हणून बंद पडणारी त्यांत थोडी.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येईल. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे कल्पितकथांचे साप्ताहिक २००० सालापासून चालू आहे. त्याचा सारा संपादकवर्ग विनामोबदला काम करतो, तर लेखकांना मात्र व्यावसायिक दराने पैसे दिले जातात, आणि २०२४ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. म्हणजे मी जे काम नोकरी मानतो ते तेथे सेवा म्हणून होते, आणि जे मी स्वेच्छेचे मानायला तयार आहे त्याला तेथे मोल दिले जाते. परंतु हे काम तेथे कसे वाटून घेतले जाते तेही पाहिले पाहिजे. एकदोघांवर सगळा भार नाही. संपादकांची संख्या मोठी आहे, कथा, कविता, समीक्षा असे विभाग आहेत, माणसे येतात, काही काळ काम करतात आणि जातात. एकाने काही महिने सुटी घेतली तर दुसरा ते काम उचलतो. नाही म्हणण्याची मुभा संख्याबळाने टिकवून ठेवलेली आहे, म्हणून ते काम खरोखर स्वेच्छेचे राहिले आहे. शिवाय वाचकांकडून देणग्या मागताना ते पैसे कशासाठी हे सांगितले जाते. इतकी माणसे जमवणे बहुतेक मासिकांना शक्य होत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. एखाद्या चिंचोळ्या छंदाचे जगात मिळून दोन-चार हजार वाचक असतील तर त्यांतून पन्नास संपादक कोठून आणायचे?

कोणाचे श्रम कोणाच्या मालकीत रूपांतरित होतात, हा या प्रश्नाचा दुसरा आणि अधिक कडू भाग आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइट ड्वार्फ’ या खेळांच्या मासिकात वाचकांनी कल्पिलेल्या राक्षसांचे एक सदर होते. पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपाला आलेल्या चार्ल्स स्ट्रॉस यांनी किशोरवयात ‘गिथयांकी’ नावाचे पात्रकुळ त्यासाठी रचले. १९८१ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य भूमिका वठवण्याच्या खेळाच्या प्रकाशकांनी काढलेल्या राक्षससंग्रहाच्या मुखपृष्ठावर तेच झळकले, आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या अतिशय खपलेल्या संगणकीय खेळात त्याच कुळातली एक व्यक्तिरेखा प्रमुख पात्रांपैकी आहे. एका शाळकरी वाचकाने मासिकाला पाठवलेली कल्पना चार दशकांनंतर मोठ्या उद्योगाची मालमत्ता म्हणून वावरते. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे असेल असे मी सुचवत नाही. परंतु हौसेने पाठवलेल्या मजकुराचे पुढे काय होऊ शकते, हे पाठवणाऱ्याला सांगणे मासिकाचे कर्तव्य नाही काय?

मासिक विकले जाते तेव्हा हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो. ‘हफिंग्टन पोस्ट’ हे बातम्यांचे आणि लेखांचे संकेतस्थळ २०११ मध्ये एओएल कंपनीने ३१.५ कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा तेथे विनामोबदला लिहिणाऱ्यांच्या वतीने वाटा मागणारा दावा दाखल झाला. पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते, या मुद्द्यावर न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. ते छंदाचे मासिक नव्हते, पण त्यातला धडा छंदाच्या मासिकांना तंतोतंत लागू पडतो: आधी काही ठरलेले नसेल तर नंतर काही मागता येत नाही. याउलट, दावा दाखल करणारे जोनाथन टॅसिनी यांनीच याआधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्ध चालवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असा निर्णय दिला होता की, छापील अंकासाठी घेतलेला मुक्त लेखकाचा मजकूर त्याच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक संग्रहात विकता येत नाही. जुन्या अंकांचे संग्रह नव्या माध्यमात विकण्याचा मोह छंदाच्या प्रत्येक मासिकाला होतो. म्हणून मोबदला शून्य असला तरी करार असावाच, आणि त्यात एकदाच छापण्याचा हक्क देऊन बाकी सर्व हक्क लेखकाकडे राहावेत असे मला निक्षून वाटते. ज्याला पैसे दिले नाहीत त्याची मालकीही घेऊ नये.

चित्रकार, छायाचित्रकार आणि मांडणीकार यांची तक्रार थोडी वेगळी आहे, आणि ती मला रास्त वाटते. त्यांचा व्यवसायच हा असतो. हौशी छायाचित्रकाराने विनामूल्य दिलेल्या चित्रामुळे मासिकाचा त्या पानावरचा खर्च शून्य होतो, आणि पुढच्या वेळी व्यावसायिकाला ‘आम्हाला हे फुकट मिळते’ असे सुनावले जाते. प्रसिद्धी मिळेल हे आश्वासन तर सर्वांत पोकळ आहे, कारण ते देणाऱ्या मासिकाचा स्वतःचा खप अनेकदा बेताचाच असतो. परंतु यावर हौशी माणसांना देण्यापासून रोखणे हा उपाय नव्हे. संपादकाने एखादे चित्र विशिष्ट मापाचे, विशिष्ट विषयाचे आणि विशिष्ट तारखेपर्यंत मागितले की ती मागणी व्यावसायिक झाली. ती हौशी माणसाकडून पुरी झाली तरी तिचा व्यावसायिक दर द्यावा. वाचकाने आपण होऊन पाठवलेले चित्र ही वेगळी गोष्ट आहे. आणखी असे की, फुकट काम करण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. ज्याच्याजवळ मोकळा वेळ आणि स्थिर उत्पन्न आहे तोच वर्षभर विनामोबदला संपादन करू शकतो, आणि मग मासिकात काय छापावे हे त्याच वर्गाच्या आवडीने ठरू लागते.

‘आमच्याजवळ पैसेच नाहीत’ हे संपादकाचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. व्यावसायिक पद्धतीने चाललेली मासिकेही गेल्या काही वर्षांत कोसळली आहेत. स्वतःच्या हाताने वस्तू बनवणाऱ्यांचे ‘मेक’ मासिक काढणाऱ्या कंपनीने जून २०१९ मध्ये कर्मचारी कमी करून काम थांबवले. त्याच वर्षी लिनक्स या संगणकप्रणालीला वाहिलेले ‘लिनक्स जर्नल’ पुन्हा बंद पडले, आणि विणकामापासून लाकूडकामापर्यंत अनेक मासिके चालवणारी एफ प्लस डब्ल्यू ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्याकडे असलेले ‘स्काय अँड टेलिस्कोप’ अमेरिकी खगोलशास्त्र संस्थेने विकत घेतल्यामुळे वाचले. पगारी माणसे असली की मासिक टिकते, असा दावा म्हणूनच करता येत नाही. परंतु पैसे नाहीत याचा परिणाम मासिकाच्या आकारावर व्हावा. एखाद्या माणसाच्या झोपेतून तो वसूल होऊ नये. मासिकाचे द्वैमासिक करावे, पाने कमी करावीत, रंगीत छपाई सोडावी, पण मुद्रितशोधकाचे मानधन हा सर्वांत आधी कापायचा खर्च समजू नये. जाहिराती वाढवून तूट भरून काढण्याचा मार्ग सोपा दिसतो, मात्र ज्यांच्या उपकरणांची परीक्षणे छापायची त्यांच्याच जाहिरातींवर अंक उभा राहिला की परीक्षणे मवाळ होत जातात, आणि वाचक ते फार लवकर ओळखतो.

हौस आणि व्यवसाय यांच्या सीमेवर कोणीतरी रेघ ओढावीच लागते. ह्यूगो पुरस्कारांच्या नियमांत ती उत्पन्नावरून ओढलेली आहे: प्रकाशनातून एखाद्या व्यक्तीच्या उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा येत असेल तर ते व्यावसायिक मानले जाते. पुरस्कारांची वर्गवारी करायला ही रेघ पुरेशी असेल, परंतु न्यायाच्या प्रश्नाला ती अपुरी पडते, कारण कोणाचेही पोट भरत नसलेल्या मासिकातही एखादा माणूस राबवून घेतला जात असू शकतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चाहत्यांनी मे २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘द मॅगपाय’चा प्रवास मला या बाबतीत बोलका वाटतो. सुमारे तीन वर्षे ते स्वयंसेवकांनी काढले आणि विनामूल्य वाटले. २०१५ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशनने ते आपल्याकडे घेऊन पगारी संपादक नेमला. अंक छापील स्वरूपात दुकानांत आला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरच्या अंकाबरोबर तर एक आख्खा संगणकच मुखपृष्ठावर चिकटवून दिला गेला. तरीही अंक संगणकावर विनामूल्य वाचण्याची सोय चालू राहिली आणि वाचकांनी घरी बनवलेल्या वस्तूंना पानांत जागा मिळत राहिली. वाचकाने आपण काय बनवले ते सांगावे, आणि ते वेळेवर व बिनचूक छापण्याचे काम पगार घेणाऱ्याने करावे, ही वाटणी मला योग्य वाटते. ज्या मासिकामागे अशी संस्था नाही त्यानेही निदान एक गोष्ट लगेच करावी: लेख मागवणाऱ्या पानावर लेखकाला काय मिळेल, अंकाच्या कामासाठी कोणाला किती दिले जाते, मजकुराचे हक्क कोणाकडे राहतील आणि मासिक विकले गेल्यास त्यांचे काय होईल, हे चार ओळींत छापावे. ज्याला हे वाचूनही विनामूल्य लिहायचे असेल त्याने आनंदाने लिहावे.